पाइपाच्या दोन तुकड्यांमधे

गांजा पोलिसांनी नेला आणि घाण आमच्यासाठी ठेवली. नेहमीचंच आहे हे. झाडं उपटताना फोटो निघतात, वर्तमानपत्रात छापून येतात. कचरा उचलणाऱ्याचा फोटो आजवर कुणी काढलेला नाही.

मी वनखात्यात पाणी मोजते. जंगलातल्या ओढ्यांमधे पट्ट्या रोवलेल्या आहेत, त्यांवर पाणी कुठवर चढलंय ते बघायचं, नमुने घ्यायचे, वर कळवायचं. कचरा हे माझं काम नाही. पण साहेब म्हणाले, "ओढा तुमचा ना? मग काठावरची घाणही तुमचीच." यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. पण साहेब म्हणजे माझ्या मावसबहिणीचा नवरा. ऑफिसात तोंड उघडलं की संध्याकाळी ताईचा फोन येतो, "अगं, काय झालं तुमचं आज? जेवले नाहीत ते नीट." ऑफिसात साहेब, घरी भावोजी. सुटका कुठेच नाही.

तर मी आणि मामा वर गेलो. मामा म्हणजे आमचे वनरक्षक. अख्खं खातं त्यांना मामाच म्हणतं. निवृत्तीला टेकलेत, पण चढावर माझ्या पुढे असतात आणि वर पोचल्यावर "आलात का?" असं विचारतात, तेही चिडवत.

मळा रस्त्यापासून आत, दाट झाडीत होता. म्हणजे झाडी होती, आता नव्हती. उतारावर पायऱ्यांसारखे वाफे खणलेले. फाटक्या ताडपत्र्या, गंजलेले डबे, एक मोडका स्टोव्ह. खताची पोती तशीच उघडी, पावसानं निम्मी वाहून गेलेली. लेबलं खरवडलेल्या औषधाच्या बाटल्या. रोपं उंदरांनी कुरतडू नयेत म्हणून सगळीकडे निळे दाणे पेरलेले. त्या दाण्यांनी उंदीर मेले होते, उंदीर खाऊन घुबड मेलं होतं आणि एका झुडपाखाली कोल्हा आडवा पडला होता. कोल्ह्याच्या अंगावर काळा थर दिसला. मामांनी काठीनं डिवचलं. माश्या होत्या, मेलेल्या.

"याला खायला आल्या त्याही गेल्या," मामा म्हणाले.

तिथे आवाज म्हणून नव्हता. पक्षी नाही, किडा नाही. नुसता औषधाचा उग्र वास.

ओढ्याच्या वरच्या अंगाला प्लास्टिक आणि दगड लावून पाणी अडवलं होतं. तिथून अंगठ्याएवढा काळा पाइप निघून मळ्यात उतरत होता. सगळा ओढा त्या पाइपात गेलेला. खाली दगड उघडे पडले होते आणि दगडांच्या फटीत बेडूक वाळले होते, मेथीच्या जुडीसारखे. माझं डोकंच फिरलं. मी करवत घेऊन त्या पाइपाचे हातभर लांबीचे तुकडे केले. एका खेपेत नेणं शक्य नव्हतं, म्हणून ढीग करून ठेवला. बांध फोडला. पाणी दगडांवरून खाली गेलं आणि मी पट्टीवर पाणी चढलेलं बघूनच घरी आले.

आठवड्याभरात ओढा पुन्हा आटला.

"तुम्ही पाइप काढलाच नाही," साहेब म्हणाले.

"काढला. तुकडे केले त्याचे."

"मग ओढा कुठे गेला? फिरायला?"

परत वर गेलो. बांध आम्ही फोडला होता तसाच फुटलेला होता. पाइपाचे तुकडे मात्र ढिगात नव्हते. ओढ्यापासून मळ्यापर्यंत ते एका रांगेत मांडले होते, तोंडाला तोंड करून, पण जोडलेले नाहीत. प्रत्येक दोन तुकड्यांमधे वीतभर जागा.

मला आधी राग आला. कुणीतरी आमची थट्टा करत होतं. एवढ्या उद्योगापेक्षा नवा पाइप आणायचा ना.

मामा गुडघ्यावर बसले. "मॅडम, कान लावा."

तुकड्यात पाणी वाहत होतं.

पहिल्या तुकड्याच्या तोंडाशी ओढ्याचं पाणी वळत होतं आणि आत जात होतं. दुसऱ्या टोकाला ते कडेपर्यंत येत होतं. पडत नव्हतं. पुढच्या तुकड्यात पुन्हा वाहत होतं. मधल्या वीतभर जागेत धूळ होती, कोरडी. धुळीवर एक वाळकं पान होतं आणि ते हलतही नव्हतं.

मी मोजमाप करणारी बाई आहे. एखादी पारदर्शक नळी असेल म्हणून मी मधून काडी फिरवली. काडी कुठे अडली नाही, कोरडी बाहेर आली. बोट घालणार, तेवढ्यात मामांनी मनगट धरलं. इतक्या वर्षांत त्यांनी कधी मला हात लावला नव्हता.

"नको," एवढंच म्हणाले.

या वेळी आम्ही सगळे तुकडे पोत्यांत भरून खाली आणले. पोत्यांची तोंडं बांधली, गोदामात टाकली, कुलूप लावलं. दोन दिवसांनी ओढा आटला. वर तुकडे जागच्या जागी होते. गोदामाचं कुलूप शाबूत होतं. आत पोती होती, बांधलेली आणि रिकामी.

हे साहेबांना सांगायचं म्हणजे आणखी एक डोकेदुखी. त्यांनी ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला. "एक पाइप काढता येत नाही तुम्हाला दोघांना. मीच येतो."

आले. चकचकीत बूट घालून आले. चढताना धापा टाकत होते आणि प्रत्येक वळणावर "अजून किती?" विचारत होते. पाइप बघितल्यावर मात्र ओणवे होऊन एकेका फटीत डोकावले. मग पुन्हा साहेब झाले.

"काहीतरी युक्ती आहे ही. तुम्ही लोक नीट बघत नाही."

ते धुळीत गुडघ्यावर बसले. हात पुढे केला.

"भावोजी, नको," मी म्हणाले. कामाच्या ठिकाणी त्यांना मी पहिल्यांदाच तसं म्हटलं.

त्यांनी दोन तुकड्यांच्या मधे पंजा उभा धरला, बोटं ताणून. तसाच धरून ठेवला. मग काढला आणि माझ्यापुढे नाचवला. "बघा. कोरडा. काय होतं यात घाबरण्यासारखं?"

पाइपातला आवाज थांबला होता.

मागे दगडांवरून पाणी खळाळत खाली निघालं. ओढा त्याच्या वाटेनं वाहायला लागला होता.

"झालं?" पँट झटकत साहेब म्हणाले. "एवढ्यासाठी मला वर चढवलंत!"

तुकडे आम्ही वर तसेच राहू दिले. त्यानंतर पट्टीवरचं पाणी उतरलं नाही. डबक्यांत मासोळ्या दिसायला लागल्या. वरून शाबासकीचं पत्र आलं, साहेबांच्या नावानं. मी म्हटलं, जाऊ दे. ओढा तर वाचला.

मग साहेब रजेवर गेले आणि ताईचा फोन आला.

"अगं, नुसतं पाणी पितात. कळशी संपते, तरी ओठ कोरडे. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. साखर नाही, मूत्रपिंडं ठीक. घाम नाही, लघवीलाही जात नाहीत. एवढं पाणी जातं कुठे?"

तिचा फोन ठेवते तोच मामांचा आला. मळ्याच्या उतारावर समोरच्या टॉवरची रेंज मिळते, तिथून बोलत होते.

"मॅडम, शेवटच्या तुकड्यातून पाणी येतंय."

"ओढ्याचं?"

"ओढ्याकडचं तोंड कोरडं ठणठणीत आहे. मळ्याकडच्या टोकातूनच येतंय. थांबून थांबून. आणि वाफ्यात रोपं आलीत. तीच पानं. गुडघ्याएवढी झालीत. उपटू?"

"कशालाही हात लावू नका. तिथेच थांबा. फोन चालू ठेवा."

ताईचं घर जवळच आहे. भरदुपारी गेले. भावोजी पलंगावर उशीला टेकून बसले होते. उजवा हात चादरीवर होता. त्याची कातडी कागदासारखी झाली होती, सुरकुतलेली, आणि बाकी अंग तसंच गुबगुबीत. मला बघून म्हणाले, "आकडे पाठवलेस का या आठवड्याचे?" तशा अवस्थेतही.

"पाठवले," मी म्हणाले. "ताई, यांना पाणी दे."

"आत्ताच दिलं गं."

"दे."

तिनं पेला भरला. त्यांनी एका दमात रिकामा केला. गळ्याची घाटी वरखाली होताना मी बघत होते. फोन कानाला लावला.

"मामा?"

पलीकडे काहीच आवाज नव्हता. त्या जागी तसाही नसतो.

"मामा, येतंय का काही?"

"आलं. आत्ता आलं."

"काय आलं?" ताईनं विचारलं.

मामांना आता रोपं उपटा म्हणावं, की पाइप तोडून टाका म्हणावं? तोडल्यावर इकडे काय होईल, कुणाला विचारणार? भावोजींनी रिकामा पेला पुन्हा पुढे केला. ताईनं तो भरला. तेही पाणी गेलं.

"परत आलं," मामा म्हणाले. मग आवाज अगदी खाली आणून: "मॅडम, मी हात लावून बघितला. कोमट आहे."