एकशे एकच्या वर

खिंडीपलीकडे कैद्यांच्या अदलाबदलीच्या गाड्या तीनच दिवस थांबणार होत्या. तेवढ्यात डोंगर ओलांडला, तर घर! लष्करी इस्पितळातल्या पाच नर्स आठ महिन्यांच्या कैदेनंतर निघाल्या त्या या एकाच आशेवर. पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याला साथीच्या तापाची भयंकर धास्ती. त्याचा हुकूम होता, ताप एकशे एकच्या वर गेला की ती बाई वाटेतच राहील.

थर्मामीटर एकच होतं. सगळ्यांत धाकट्या नर्सने ते आठ महिने अंबाड्यात लपवून जपलेलं. पहिल्या मुक्कामी, अधिकारी लांबून ऐकत असताना, तिने सवयीप्रमाणे जसा दिसला तसा आकडा मोठ्याने वाचला, एकशे दोन! शब्द तोंडातून गेला आणि मग कळलं, आपण काय करून बसलो ते. ऑपरेशनच्या खोलीतल्या सिस्टरला पाण्याची बाटली देऊन एका झाडाखाली बसवण्यात आलं. ती वळणापर्यंत दिसत होती.

दुसऱ्या दिवशी पाचांतल्या सगळ्यांत थोरल्या मेट्रनला हुडहुडी भरली. धाकटीने नव्व्याण्णव म्हणून बेधडक ठोकून दिलं आणि मनगटाच्या एका झटक्यात पारा खाली! मेट्रनने डोळे वटारले. बत्तीस वर्षांच्या नोकरीत खोटा आकडा तिने कुणाचा खपवून घेतला नव्हता.

तिसऱ्या दिवशी खिंडीच्या पायथ्याशी बर्फ लागलं. मेट्रनचे पाय लटपटत होते. अधिकाऱ्याच्या ते नजरेत आलं. दहा पावलं लांब उभा राहून त्याने फर्मावलं की, तोंडातून काढलेलं थर्मामीटर तसंच समोरच्या दगडावर आणून ठेवायचं; आकडा तो स्वतः वाचणार.

धाकटी चालू लागली. पारा एकशे तीनवर. त्याची नजर तिच्या मनगटावर. झटकलं तर संपलं! दगड आलाच.

तिने बोटं उघडली.

काच फुटली. पाऱ्याचे थेंब खडकाच्या फटीत पळाले. बंदुकीचा दस्ता खांद्यावर बसला, ती गुडघ्यांवर आली. मेट्रनच्या कपाळाला हात लावून बघायची काही त्या अधिकाऱ्याची छाती झाली नाही.

"जी आपल्या पायांनी चढेल ती येईल," तो म्हणाला. "म्हातारीला कुणी हात लावायचा नाही."

चढण भिंतीसारखी उभी! पुढे मेट्रन, मागे धाकटी. मेट्रनचा पाय घसरला. धाकटीने दुखरा खांदा पुढे केला, टाच त्यावर टेकली. हात लावायला मनाई होती. खांद्याचं कुणी काही बोललं नव्हतं.

"आठ महिने उपास घडूनही काय वजन आहे हो तुमचं, मेट्रन!"

"तोंड मीट. श्वास पुरव."

एक टाच. मग दुसरी. पुन्हा घसरण! पुन्हा खांदा! चौघीजणी माथ्यावर आल्या तेव्हा वारा उभं राहू देत नव्हता, आणि खाली गाड्यांची रांग दिसत होती.

गाडीपाशी आपल्याकडच्या डॉक्टरने मेट्रनला ताप किती म्हणून विचारलं. धाकटीच्या ओठांवर नव्व्याण्णव आलंच होतं.

"एकशे तीन," ती म्हणाली, आणि श्वास रोखून त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

डॉक्टर मागे सरकला नाही. ओणवा होऊन त्याने मेट्रनच्या कपाळावर तळहात ठेवला.