चढावर थांबलेली गाडी

शोभेच्या माशांच्या दुकानात शिरून त्याने माशांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "आम्लाने खराब न होणारा पंप मिळेल का?"

दुकान तिचं होतं. सकाळपासून गिऱ्हाईक नव्हतं, आणि आता हा. "आम्लात कुठले मासे पाळता तुम्ही?"

"मासे नाहीत... गाडी आहे."

तो तंत्रशाळेत वेल्डिंग शिकवायचा आणि घरामागच्या शेडमध्ये विजेवर चालणारी गाडी बांधत होता. तिची बॅटरी म्हणजे दोन टाक्या – एकीत जांभळं द्रावण, दुसरीत पिवळं. पंपाने ती एका पातळ पडद्याच्या दोन बाजूंनी फिरवायची, की वीज तयार होते.

"मिसळत नाहीत?"

"नाही. शेजारून जातात फक्त." एवढं बोलून त्याने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं, आणि त्याचे कान लाल झाले.

पंप मिळाला. मग नळी हवी झाली, मग नळीचा जोड, मग नुसतंच 'इकडून चाललो होतो'. तीही शेडमध्ये जाऊ लागली. त्याची आई चहा देताना म्हणायची, "हल्ली हा दोनच विषयांवर बोलतो. एक पंप. दुसरा तू विचारू नकोस."

अशातच तिच्या दादाचा फोन आला. दुकान बंद कर, इकडे माझ्याकडे ये, रविवारी काय ते कळव. तिने त्याला सांगितलं तेव्हा तो पाना फिरवत राहिला. "रविवारी गाडी बाहेर काढतोय," एवढंच म्हणाला.

रविवारी गाडी निघाली. सायकलवाले मागे वळून बघत पुढे जात होते, पण गाडी चालत होती. पंपाची बारीक घरघर, खिडकीतून ओला वारा... ती गप्प बसून हसत होती. पुलापलीकडच्या चढावर मात्र गाडी थांबली.

तो उतरला, टाकीत डोकावला. "अजून जांभळंच आहे, हिरवं पडलं नाही. म्हणजे वीज आहे, जोर कमी पडतोय." चेहरा उतरला होता त्याचा. "चालत्या गाडीत तुम्हाला काहीतरी विचारायचं ठरवलं होतं."

"चालत्या गाडीत का?"

"तुम्हाला उतरून जाता येऊ नये म्हणून."

"आता जाता येईल."

"हो. म्हणून आताच विचारतो." त्याने हात पँटला पुसले. "दादाकडे जाऊ नका. माझ्याबरोबर... इथेच राहा."

ती दार उघडून उतरली. चढ वर बराच होता, खाली घराकडचा रस्ता मोकळा होता. रस्त्यावर कुणी नव्हतं. ती गाडीला वळसा घालून त्याच्या बाजूला आली, त्याच्या बाहीला लागलेलं ग्रीस बोटाने पुसायला गेली, आणि ते आणखीच पसरलं.

"दादाला संध्याकाळी फोन करते," ती म्हणाली. "माझी वाट बघू नकोस म्हणून सांगते." मग त्याच्याआधी ती त्याच्या जागेवर बसली आणि स्टिअरिंग धरलं. "तू ढकल. मी वळवते."

तो जागचा हललाच नाही. तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"काय झालं?"

"काही नाही," तो म्हणाला. "'तू' म्हणालीस."