फळीपलीकडची झोराइदा

इकितोस शहराच्या बेलेन वस्तीत त्या साली नदीचं पाणी घरांच्या खांबांना लागलं आणि पाठोपाठ साथही आली. नावा बंद झाल्या. झोराइदाचा नवरा नदीच्या वरच्या अंगाला अडकला, आणि बाळंत होऊन आठवडा होतो न होतो तोच तिला ताप भरला. मास्क लावून, हात धुऊन खुशाल पाजावं, असा नर्सबाईंचा निरोप होता. पण सासूच्या, एउदोसियाच्या ते गळी उतरेना. तिने सुनेला मागच्या खोलीत घातलं, दार ओढून घेतलं आणि नातीला आपल्याजवळ ठेवलं. दूध वाटीत काढून दाराशी ठेवायचं ठरलं.

तापात दूध आटलं. वाटी कोरडीच राहू लागली. झोराइदा फळ्यांच्या भिंतीला कान लावून पडून राही. खाली पाणी खांबांवर चुबुकचुबुक आपटत असे, कुजक्या मासळीचा वास फटींतून वर येई... पण पलीकडून रडणं येईना. उपाशी पोर रडत कसं नाही?

एका दुपारी सासू पलीकडून म्हणाली, "मास्क लावून पाजायला येतेस ते चालवून घेतेय हो पोरी. पण पाय तरी पुसत जा. किती ओल करतेस."

झोराइदाला तर उठून बसायचंही त्राण नव्हतं.

"पिते का... पोटभर?"

"पिते तर. गाल कसे वर आलेत."

खरं काय ते तिच्या ओठांवर आलं होतं. पण सांगितलं, आणि जी कोण येत होती ती यायची थांबली, तर पोरीला पाजणार कोण? मग रोज दुपारी पलीकडे ओली पावलं वाजत, चुटूचुटू दूध ओढल्याचा आवाज येई, आणि ती चादर दातांत धरून ऐकत राही.

ताप उतरला तशी मास्क लावून, भिंत धरत ती बाहेर आली. लेक आजीच्या मांडीवर होती, चांगली गुबगुबीत.

"आई," ती म्हणाली, "मी एकदाही बाहेर आले नव्हते."

एउदोसियाचा थोपटणारा हात थांबला.

"मास्क काढ."

झोराइदाने काढला. सासूने तिचा चेहरा न्याहाळला, नातीला छातीशी घट्ट धरलं आणि ती मागे सरकत भिंतीला टेकली.

"काल तिनंही काढला होता..."

"मग?"

"हेच तोंड होतं."

तेवढ्यात पोरीने डोळे उघडून झोराइदाकडे पाहिलं, आणि जन्मल्यापासून कधी ओरडली नव्हती तशी किंचाळली.