डुलकी

वजाबाकीने आयुष्यात कुणाला पैकीच्या पैकी दिले नव्हते. फरशांच्या कारखान्यात तो तपासनीस होता. पट्ट्यावरून येणाऱ्या प्रत्येक फरशीवर तिरपा दिवा धरायचा आणि टवका, डाग, वाकडा कोपरा, काही ना काही शोधून काढायचाच. वजाबाकी हे नाव त्याला कामगारांनीच ठेवलं होतं. कामापुरतं ते ठीक होतं हो, पण गडी घरीसुद्धा तोच दिवा घेऊन यायचा. बायकोने आवरलेलं कपाट असो की लेकीने काढलेलं चित्र, त्यातून काहीतरी वजा केल्याशिवाय त्याला चैन पडायची नाही. स्वतःवर मात्र तो दिवा त्याने कधी धरला नाही.

टॅक्सीच्या ॲपवर तर त्याला रानच मोकळं मिळालं. चालक बोलला, एक तारा कमी. बोलला नाही, तरी एक तारा कमी. पण चालकही प्रवाशाला तारे देतात, हे या शहाण्याच्या गावीही नव्हतं. वर्षभरात त्याचे स्वतःचे तारे एवढे घसरले की त्याच्या फोनवर गाडी येईचना. तेव्हापासून टॅक्सी बायकोच्या फोनवरून बोलवायची, असा शिरस्ताच पडला.

सुट्टीला निघाले तेव्हाही तसंच झालं. तो, बायको, सात वर्षांची लेक भिंगरी, आणि पहिल्यांदाच विमानात बसणार म्हणून नवी चप्पल घातलेल्या सासूबाई. बायकोला गाडी लागते, म्हणून तिने फोन त्याच्या हातात दिला आणि गोळी घेतली. विमानतळाला दोन टर्मिनल होती, एकमेकांपासून चांगली अर्ध्या तासाच्या अंतरावर. तिकीट नव्या टर्मिनलचं होतं. वजाबाकीने ॲपवर जुनं टाकलं.

चालक पन्नाशी उलटलेला होता. इस्त्रीचा शर्ट, चष्म्याला दोरी. वळण घ्यायच्या आधी दोन बोटांनी स्टिअरिंगवर हलकेच दोनदा टकटक करायची त्याला सवय होती. पुढच्या सीटवर बसलेल्या वजाबाकीने ती लगेच टिपून ठेवली, वजा करायला. मागे बायको डोळे मिटून पडलेली, सासूबाईंना ऐकू कमी येतं, आणि मधे भिंगरी टुकूटुकू बघत बसलेली. चालकाने एकदा विचारलं, साहेब, तिकिटावर टर्मिनल कुठलं आहे ते बघता का? थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. वजाबाकीने त्याला त्याचं काम करायला सांगितलं.

जुन्या टर्मिनलच्या दारावरच्या शिपायाने तिकीट बघून हात झटकला. चालक गेला नव्हता. मला शंका होतीच, म्हणून थांबलो, एवढंच म्हणाला आणि बॅगा पुन्हा गाडीत ठेवल्या. नव्या टर्मिनलला पोचले तेव्हा काउंटर बंद होऊन अकरा मिनिटं झाली होती.

आता माणूस म्हटला की चुकतोच. चुकलं म्हणावं, पुढचं विमान धरावं, झालं. पण सासूबाईंनी विचारलं, "काय झालं हो नेमकं, जावईबापू?" आणि याने उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"चालकाला डुलक्या येत होत्या. भलतीकडेच नेलं त्याने."

ते काका तर जागे होते, असं भिंगरी म्हणाली. बापाने तिच्याकडे असं बघितलं की पोर गप्प झाली.

थाप खरी दिसावी म्हणून त्याने बायकोच्या फोनवरून तक्रारही टाकली. चालक गाडी चालवताना झोपला होता, सोबत लहान मूल होतं. लहान मुलाचं नाव काढलं की कंपनी थांबत नाही. तासाभरात उत्तर आलं की चालकाला कायमचं काढून टाकण्यात आलं आहे. दुसऱ्याच्या पोटावर पाय दिला आणि हा निवांत सँडविच खात बसला.

थोड्या वेळाने त्याच फोनवर चालकाचा फोन आला. वजाबाकी बाजूला जाऊन बोलला. चालक ओरडला नाही, रडला नाही.

"साहेब, चौदा वर्षं गाडी चालवतोय. स्टिअरिंगवर कधी डोळा लागला नाही. मी झोपलो नव्हतो, एवढं खरं लिहा."

"मग आता झोपा की निवांत," वजाबाकी म्हणाला. "आता कुठे काम आहे तुम्हाला?"

मग चालक "बरं" म्हणाला आणि फोन बंद झाला.

पुढच्या विमानाने सुट्टीच्या गावी ते दुपारी उतरले. ॲपवरून पांढरी गाडी आली. चालक तरणा पोरगा होता, बोलका. समुद्र कुठून चांगला दिसतो, ते बायकोला सांगत होता. वजाबाकीने सहज मान वळवली. पोराचे डोळे मिटलेले होते.

पापणी लवल्यासारखे नव्हे, गाढ झोपेत असतात तसे. बुबुळं पापण्यांखाली संथ सरकत होती. सिग्नल आला, गाडी बरोबर रेघेवर थांबली. हिरवा झाला, निघाली. वळणाआधी पोराने दोन बोटांनी स्टिअरिंगवर दोनदा टकटक केली.

उतरल्यावर त्याने बायकोला विचारलं, तुला काही दिसलं का? तिला चांगला मुलगा दिसला होता.

दुसऱ्या दिवशी एक बाई चालक होती. तिचेही तसेच. भर गर्दीत ती दोन बसगाड्यांमधून गाडी काढत होती आणि डोळे घट्ट मिटलेले. वजाबाकीच्या तोंडचं पाणी पळालं. मागे भिंगरी खिडकीला नाक लावून बसली होती.

"डोळे उघडा," तो कसाबसा म्हणाला.

"उघडेच आहेत, साहेब," बाई शांतपणे म्हणाली, आणि दोन बोटांनी टकटक करून डावीकडे वळली.

बायकोने हॉटेलात त्याची चांगलीच हजेरी घेतली. अनोळखी बाईशी असं बोलतात का? सगळे जेवायला खाली गेल्यावर त्याने तिच्या फोनवरून त्या बाईची तक्रार टाकली. लगेच उत्तर आलं: या चालकाविरुद्ध आपली तक्रार आधीच नोंदवलेली आहे. खाली चालकाचा फोटो होता. चष्म्याला दोरी, इस्त्रीचा शर्ट. डोळे मिटलेले.

त्यानंतर त्याने जमेल तिथे सगळ्यांना पायी नेलं. सासूबाईंचे गुडघे दुखले, बायको चिडली, भिंगरी खांद्यावर झोपली तरी हा चालतच राहिला. आपलं काय व्हायचं ते होवो, पण त्या गाडीत पोर बसते, या एका विचाराने त्याच्या जिवाची घालमेल व्हायची. परत जाताना मात्र इलाज नव्हता. विमानतळ लांब होता. त्या शेवटच्या चालकाचं डोकं मागे टेकलं होतं, तोंड अर्धवट उघडं होतं आणि तो बारीक घोरत होता. वेगाचा काटा नव्वदवर होता. वजाबाकीने मागे हात घालून भिंगरीचा पाय घट्ट धरून ठेवला, उतरेपर्यंत.

विमानतळावर त्याने बायकोच्या फोनमधून त्या पहिल्या, काढून टाकलेल्या चालकाचा नंबर शोधला. एका मुलीने उचलला. मी त्यांची लेक, म्हणाली.

"बाबा झोपलेत. गेल्या रविवारी कुणाशी तरी फोनवर बोलले, 'बरं' म्हणाले आणि आडवे झाले. उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणतात, काही झालेलं नाही, नुसती झोप आहे. हात तेवढे हलतात, गाडी चालवल्यासारखे. मधेच पलंगाच्या कडेवर दोन बोटं वाजवतात. तुम्ही त्यांचे पॅसेंजर का?"

तो हो म्हणाला.

"काल झोपेत पहिल्यांदाच बोलले," मुलगी म्हणाली. "म्हणाले, 'साहेबांना घरापर्यंत सोडायचंय.'"

तक्रार मागे घ्यायला एक ओळ पुरली असती. पण ती बायकोच्या खात्यातून गेली होती, आणि मागे घेतली की तिच्या नावाने पत्र येणार, खुलासा मागणार. म्हणजे तिला सगळं सांगायला हवं होतं. ती समोरच बसली होती, आईच्या पायाला मलम लावत. दोन वेळा त्याने तोंड उघडलं. दोन्ही वेळा सासूबाईंनी वर बघितलं. एवढ्याशा गोष्टीसाठी त्यांच्यासमोर नाक कापून घ्यायचं? घरी पोचल्यावर बघू, असं ठरवून त्याने फोन बायकोला परत दिला. आणि धाकट्या भावाला निरोप धाडला: तुझी गाडी विमानतळावर लावून ठेव, मी स्वतः चालवणार आहे. हा तोडगा सुचल्यावर त्याला इतकं हायसं वाटलं की तो विमानात पोटभर झोपला.

दुपारी चारला ते आपल्या गावी उतरले. ऊन लख्ख होतं. भावाने गाडी धुऊन आणली होती. वजाबाकीने आरसे नीट केले, भिंगरीचा पट्टा दोनदा ओढून बघितला आणि निघाला. बायको शेजारी होती. स्टिअरिंग स्वतःच्या हातात आल्यावर आठवडाभरात पहिल्यांदा त्याच्या छातीवरचा दगड उतरला.

रस्ता मोकळा होता. या वेळेला इतका मोकळा रस्ता त्याने कधी पाहिला नव्हता.

"याला म्हणतात गाडी चालवणं," तो म्हणाला.

मागून भिंगरीचा आवाज आला. "बाबा, डोळे उघड ना."

"उघडेच आहेत, बाळा."

बायको त्याच्याकडे वळली असावी. तिने त्याच्या दंडावर हात ठेवला.

"अहो," ती म्हणाली. "अहो, जागे व्हा."

त्याने डोळे ताणून उघडले. उघडे होते ते आणखी उघडले. समोर काळाभोर रस्ता, मधली पांढरी रेघ, दोन्ही बाजूंना ऊन. एक गाडी नाही, एक माणूस नाही.

त्याने ब्रेक दाबला. पाय खाली गेल्याचं त्याला नीट जाणवलं. गाडीचा वेग तसाच राहिला.

डावीकडे हॉर्न वाजला. मग उजवीकडे. मग चहूकडून.

भिंगरी रडत होती.

समोरून एका अवजड गाडीचा हॉर्न सुरू झाला, लांबलचक, आणि जवळ जवळ येत राहिला. वजाबाकी डोळे फाडून बघत होता. रस्ता अगदी रिकामा होता.