छातीत एकशे बारा, मनगटात चौऱ्याहत्तर

माणसाला हृदय एकच असतं. मग दोघांनी एकाच वेळी, एकच घड्याळ समोर ठेवून त्याचे ठोके मोजले, तर दोघांचे आकडे सारखेच यायला हवेत की नाही? दहा वर्षांच्या केतकी राऊतला त्या शुक्रवारपर्यंत तसंच वाटत होतं. त्या दिवशी मात्र एक आकडा एकशे बारा आला, दुसरा चौऱ्याहत्तर, आणि गंमत म्हणजे कुणाचंच चुकलं नव्हतं.

झालं असं. केतकीचे आजोबा म्हणजे वसईचे हरिभाऊ राऊत, केळीच्या वाडीत सत्तर वर्षं काढलेला गडी. बुधवारी वाडीत त्यांना एकाएकी गरगरलं आणि केळीचाच खुंट धरून ते खाली बसले. शेजाऱ्यांनी रुग्णालयात आणलं. तिथे हृदयाचा आलेख काढला, तर त्यात काहीच दोष दिसला नाही. दोन दिवस ठेवून घेतलं, छातीवरच्या तारा काढल्या आणि मनगटाला एक पट्टा बांधला. त्या पट्ट्यावरून नाडी वाचण्याचं काम होतं मोजोबाकडे. मोजोबा म्हणजे वॉर्डातला यंत्रमानव. खरं नाव भलतंच लांबलचक होतं, पण तो दिवसभर काही ना काही मोजत असायचा, म्हणून मुलांनी त्याचं बारसं परस्पर उरकून टाकलं होतं.

शुक्रवारी सकाळी मोजोबाने जाहीर केलं, "नाडी शहात्तर. घरी जायला हरकत नाही."

केतकीला आनंदाने उडी मारावीशी वाटली. कारण दुसऱ्या दिवशी, शनिवारी, तिची आई चंद्रावरून परत येणार होती. आई तिथल्या काचघरात भाजीपाला पिकवत असे आणि आठ महिने घरी आली नव्हती. तिचं यान दापोलीजवळच्या तळावर उतरणार होतं. तळावर लहान मुलांना घरच्या मोठ्या माणसाबरोबरच सोडत. बाबा तर जहाजावर, भर समुद्रात. म्हणजे आजोबा गेले तर केतकी जाणार, नाहीतर शेजारच्या काकूंकडे बसून राहणार. आजोबांनाही सुनेला कधी एकदा सुकेळी, म्हणजे वाडीतली वाळवलेली केळी, खायला घालतो असं झालं होतं. पिशवी भरून तयार होती.

तेवढ्यात ब्रिजिट लोपीस सिस्टर घरी सोडायचे कागद घेऊन आल्या. सिस्टरांची एक जुनी सवय होती. गप्पा वाडीच्या असोत नाहीतर भावकीच्या, बोलता बोलता त्यांची तीन बोटं रुग्णाच्या मनगटावर जाऊन बसत. आजोबांशी केळीच्या भावावर बोलता बोलता त्या मध्येच गप्प झाल्या.

"राऊत आजोबा, सदरा घालताना तुम्ही दोनदा खाली बसलात. दम लागतोय?"

"वय झालं आता," आजोबा म्हणाले.

"कालपर्यंत वय झालं नव्हतं वाटतं?" सिस्टर हसल्या, पण कागद काही त्यांनी पुढे केले नाहीत. बोटांखालची नाडी त्यांना वेडीवाकडी लागत होती. दोन ठोके भराभर, मग खंड, मग एक हलकासा, परत घाई.

मोजोबाला ते पटेना. त्याचा पट्टा पंधरा सेकंद नाडी मोजत असे आणि आलेल्या आकड्याला चाराने गुणत असे. गुणाकारात त्याची चूक आजवर कुणी काढली नव्हती. सिस्टरांनी त्याला समजावलं, की सरळ चालणाऱ्याचं असं गणित जमतं, पण जो कधी पळतो, कधी अडखळतो, त्याची चार पावलं बघून पुढची वाट सांगता येत नाही. नाडी अनियमित असेल तर पूर्ण एक मिनिट मोजायचं, तेही दोघांनी. एकाने छातीवर नळी लावून हृदयाचे ठोके ऐकायचे, दुसऱ्याने त्याच मिनिटात मनगटाची नाडी मोजायची.

दुसऱ्या सिस्टर डॉक्टरांबरोबर खालच्या मजल्यावर होत्या. मोजोबाचा पट्टा पंधरा सेकंदांपलीकडे मोजत नसे. तेव्हा दुसरं माणूस म्हणून केतकीला बसवलं. तीन बोटं अंगठ्याच्या बाजूला, मनगटावर हलकेच टेकवायची. अंगठ्याने मोजायचं नाही, कारण अंगठ्याला स्वतःची ठळक नाडी असते आणि आजोबांच्या जागी आपलीच मोजली जाते. केतकीने विचारलं, आकडे जुळले तर आजोबा घरी येणार ना? सिस्टर म्हणाल्या, जुळले आणि दम थांबला, तर डॉक्टरांना तसं सांगता येईल.

मिनिट सुरू झालं. केतकी बोटांखालचा एकेक ठोका मोजत राहिली. मिनिट संपलं, आणि सिस्टरांनी कागदावर लिहिलेला आकडा मोजोबाने खांद्यावरून वाचून मोठ्याने नोंदवला, "एकशे बारा."

केतकीचे भरले होते चौऱ्याहत्तर. आता तिला फक्त एवढंच करायचं होतं, की आपणही एकशे बारा म्हणायचं. कुणाला कळलं असतं? तिच्या डोळ्यांसमोर दापोलीचा तळ आला, यानाचं दार आणि दारातली आई. मग तिची नजर आजोबांवर गेली. ते नुसते पलंगावर बसले होते, तरी त्यांच्या कपाळावर घाम होता.

"चौऱ्याहत्तर," केतकी म्हणाली. तिला आपल्याच बोटांचा राग आला.

"मुलगी मोजायला चुकली," मोजोबा म्हणाला. "हृदय एक, मिनिट एक."

"ती नाही चुकली," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी लगेच डॉक्टरांना बोलावणं पाठवलं, आजोबांना टेकून बसवलं आणि आलेखाच्या तारा पुन्हा लावल्या. डॉक्टर येईपर्यंत त्यांनी सुई नसलेली एक पिचकारी घेतली. ती पाण्याने पूर्ण भरून केतकीला बेसिनपाशी दाबायला लावली. धार थेट पलीकडच्या भिंतीवर गेली. मग थेंबभरच पाणी घेऊन दाबायला सांगितलं. या वेळी पाणी केतकीच्या बोटांवरच ओघळलं.

"दाबलं दोन्ही वेळा," केतकी विचार करत म्हणाली. "पण दुसऱ्यांदा भरलीच नव्हती."

"हेच ते. हृदय आधी रक्ताने भरतं, मग दाबतं."

पुढचं सिस्टरांनी सावकाश सांगितलं. हृदयाला वर दोन कप्पे असतात, अलिंद (रक्त जमा करणारे), आणि खाली दोन, निलय (रक्त बाहेर ढकलणारे). वरून विजेचा अगदी बारीक इशारा निघतो, की खालचे कप्पे आवळतात. आजोबांचे अलिंद शिस्तीत आवळायचं सोडून नुसते थरथरत होते आणि खाली इशारे वेळीअवेळी जात होते. त्यामुळे निलय कधी भरण्याआधीच आवळत. तो ठोका छातीत ऐकू येई, पण त्याची लाट मनगटापर्यंत पोहोचत नसे. असे अडतीस ठोके वाटेतच विरले होते. या फरकाला सिस्टर स्पंदनतूट (छातीतले ठोके वजा मनगटाची नाडी) म्हणाल्या. ही थरथर येते आणि जाते, म्हणून बुधवारी आलेखात सापडली नव्हती. शिवाय थरथरत्या कप्प्यात रक्त रेंगाळून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूकडे गेली तर जिवावर बेतू शकतं.

डॉक्टरांनी नवा आलेख पाहिला, औषधं सुरू केली आणि आजोबांचा मुक्काम वाढला. उठताना आधी पाय खाली सोडून बसायचं, गरगरलं नाही तरच उभं राहायचं, छातीत दुखलं तर लगेच सांगायचं, हे सिस्टरांनी आजोबांकडून शाळेतल्या कवितेसारखं पाठ करून घेतलं.

शनिवारी यान उतरलं, ते केतकी आणि आजोबांनी वॉर्डातल्या पडद्यावर पाहिलं. आई दारात आली आणि तिची नजर गर्दीतून फिरत राहिली. ती कुणाला शोधत होती हे केतकीला ठाऊक होतं. आजोबांनी तिचा हात धरला. ती रडली नाही, फक्त सुकेळी नको म्हणाली.

रविवारी सकाळी सिस्टरांचा आकडा आला ब्याऐंशी आणि केतकीचा ऐंशी. मोजोबाने या वेळी गुणाकार केला नाही. नाडी वेडीवाकडी दिसली की पूर्ण मिनिट थांबायचं आणि दुसऱ्या माणसाला हाक मारायची, हे तो शिकला होता. ही गोष्ट त्याने जिल्ह्यातल्या सगळ्या यंत्रमानवांना कळवलीसुद्धा, आणि तीही "मुलगी चुकली नव्हती" या मथळ्याखाली.

दुपारी आई आली, चाकाच्या खुर्चीवरून, कारण चंद्रावर राहून आलेल्या पायांना पृथ्वीवर अंग जड लागतं. एकशे बारापासून पिचकारीपर्यंत सगळं तिने ऐकून घेतलं. लवकरच चंद्रावर पहिला दवाखाना निघणार होता. आजोबांसारखं हृदय तिथे कसं चालेल, लाट मनगटापर्यंत जास्त पोहोचेल की कमी, असं केतकीने विचारलं. आई म्हणाली, ठाऊक नाही, कुणीतरी तिथे जाऊन मोजायला हवं. मग तिने आपलीच एक गोष्ट सांगितली.

"निघायच्या आधी यानाच्या दारापाशी हवेचा दाब आम्ही दोघांनी मोजला. माझा आकडा सोबत्याशी जुळेना. त्याच्यासारखाच सांगितला असता, तर लगेच निघालो असतो. खरा सांगितला, आणि सगळं परत तपासण्यात सहा तास गेले."

"राग आला होता तुला?" केतकीने विचारलं.

"खूप. स्वतःचाच."

"मलाही," केतकी म्हणाली, आणि शुक्रवारपासून दाबून ठेवलेलं रडू आईच्या मांडीत तोंड खुपसून तिने पोटभर रडून घेतलं. आजोबा पलंगावर बसून शांतपणे सुकेळ्यांवर गुंडाळलेलं केळीचं पान सोडवत राहिले.