भोपळा कोणी तापवला?

"ब्रश इकडे दे! तो माझा आहे!" मार्नी ओरडली.

"हो का? नाव कुठं लिहिलंय त्याच्यावर?" डेलियानं ब्रश डोक्यावर उंच धरला.

"भांडू नका गं," ट्रकखालून बाबांचा आवाज आला. "आज रंग डेलियाच लावेल. पाहुणी आहे ती."

मार्नीचा चेहरा एवढासा झाला. पाना देणं, बोल्ट धुणं, चाकांच्या दातांना रंग लावणं ही कामं ती पाना धरता यायला लागल्यापासून करत आली होती! आणि ही चुलत बहीण सिअ‍ॅटलहून सुट्टीला आली काय, आणि पाहुणी म्हणून थेट बाबांच्या शेजारी जाऊन बसली काय!

मोंटानातल्या त्या घाटात गुरांचा ट्रेलर ओढताना जुना ट्रक नुसता धापा टाकायचा. म्हणून बाबांनी मागचा अ‍ॅक्सल, म्हणजे चाकं फिरवणारा आस, उघडला होता. अ‍ॅक्सलच्या मधोमध जो गोल लोखंडी डबा असतो, त्याला सगळेजण भोपळाच म्हणत. त्या भोपळ्यातली दातेरी चाकं बदलायची होती.

"पण त्यानं होणार काय?" डेलियानं विचारलं.

"सोप्पंय!" मार्नीचा धाकटा भाऊ गस टायरवरून खाली उडी मारत म्हणाला. "सायकलला चढावर हलका गिअर टाकतो की नाही? पाय जास्त मारायचे, पण चढ चढतो! आता इंजिन जास्त फिरणार, चाकं कमी. वेग थोडा कमी, जोर दांडगा!"

डेलियानं पिवळा रंग दातांवर लावला. बाबांनी हातानं चाक फिरवलं. जिथं दाताला दात घासला, तिथला रंग पुसला जाऊन ठसा उमटला.

"ठसा अगदी मधोमध आहे, आर्ने काका! कडेला मुळीच नाही!"

"शाबास! म्हणजे दात नीट बसले. नजर तीक्ष्ण आहे पोरीची!"

मार्नीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिला बाबा 'हं' म्हणायचे. चांगलं काम केलं की फार तर 'हं, हं.'

भोपळ्याचं झाकण बसलं, नवं तेल भरलं, आणि सगळे ट्रकमध्ये चढले. बाबांनी अगदी सावकाश एक फेरी मारली नि ट्रक सावलीत उभा केला.

"आता ऐका. नव्या दातांना एकमेकांची सवय व्हावी लागते. थोडं चालवायचं, निवू द्यायचं, परत थोडं चालवायचं. आणि पहिले पाचशे मैल ट्रकमागे काही म्हणजे काही जोडायचं नाही! नेल्स, कळलं का?"

नेल्स काका, म्हणजे डेलियाचे बाबा, कुंपणाशी चाकांच्या गाडीवर ठेवलेल्या आजोबांच्या जुन्या बोटीवर पाय टाकून लेमोनेड पीत होते. त्यांनी नुसता हात हलवला.

दुपारी बाबा शेजारच्यांचं कुंपण दुरुस्त करायला गेले आणि मुलं ओढ्यावर पोहायला. परत आल्यावर मार्नी सवयीनं ट्रकखाली वाकली आणि तिनं भोपळ्यावर हात ठेवला.

"आई गं!" तिनं चटकन हात काढला. भोपळा तव्यासारखा तापला होता! जळक्या तेलाचा वासही येत होता.

"काय झालं?" गसनं विचारलं.

"काही नाही," मार्नी म्हणाली. बाबाच फेरी मारून आले असतील, असं तिला वाटलं.

पण बाबा आले ते चालत, खांद्यावर तारेचं भेंडोळं घेऊन! ते दुसऱ्या फेरीसाठी ट्रकमध्ये बसले, आणि गाडी फाटकापर्यंत पोचते न पोचते तोच मागून आवाज सुरू झाला. उंऽऽऽऽ!

बाबांनी ट्रक थांबवला. त्यांचा चेहरा उतरला होता. "दात रडतायत. बैठक चुकली म्हणायची. डेलिया, ठसा मधोमध होता ना गं? नीट बघितलंस ना?"

"होता, काका... म्हणजे... मला तरी तसाच दिसला."

"मीच पुन्हा बघायला हवं होतं. जाऊ दे, चुकतं माणूस. परत उघडू. या वेळी रंग मार्नी लावेल."

मार्नीला असं गार गार वाटलं, जणू कोणी आतून लेमोनेड ओतलं! तिची जागा तिला परत मिळाली होती. जेवताना तिनं रानातल्या हकलबेरी फळांची गोड पेस्ट्री दोनदा मागून घेतली. नेल्स काका पत्ते खेळायला शेजारी गेले होते. डेलियानं ताटाला हातही लावला नाही.

भांडी घासताना मार्नी हळूच बाहेर डोकावली. डेलिया गोठ्याच्या पायरीवर बसून रडत होती.

'रडू दे की,' मार्नी मनात म्हणाली. पण तळहाताला साबण लागला आणि भाजलेली जागा चुरचुरली. ट्रक कोणीतरी नेला होता, म्हणून दात रडत होते. ठसा बरोबर होता. आणि हे एकट्या तिलाच ठाऊक होतं!

गप्प राहिलं तर ब्रश आपला. बोललं तर...

"ए रडूबाई!" ती बाहेर जाऊन म्हणाली. "सरक जरा. तुझा ठसा बरोबर होता."

तिनं सगळं सांगितलं. डेलिया डोळे पुसून तिच्याकडे बघतच राहिली. "म्हणजे तुला मघाशीच माहीत होतं?"

"होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"कारण मला तुझा राग येतो! बाबा तुला शाबास म्हणतात!"

"अगं वेडे!" डेलिया रडता रडता चिडली. "तुला ते वर्षभर मिळतात! माझे बाबा सुट्टीतसुद्धा मासेच पकडत बसतात. मला तुझा किती हेवा वाटतो, ठाऊक आहे?"

आपला कोणी हेवा करेल, असं मार्नीच्या स्वप्नातही आलं नव्हतं!

"मासे!" मागून गस किंचाळला. तो सगळं ऐकत उभा होता. "चला, बोट बघू!"

तिघं कुंपणाकडे धावली. बोटीच्या गाडीच्या चाकात हिरवंगार शेवाळ अडकलं होतं. घाटावरच्या तळ्यातलं!

"बोट ओढत ट्रक घाटावर चढवला," मार्नी पुटपुटली. "नव्या दातांवर! पहिल्याच दिवशी! चल, बाबांना सांगू."

"थांब!" डेलियानं तिचा हात धरला. "ते माझे बाबा आहेत. नुसत्या शेवाळावरून त्यांना कोणी दोषी ठरवायचं नाही. आधी पुरावा."

"मग पुरावाच आणू," मार्नी म्हणाली.

सकाळी बाबा आईची मोटार घेऊन नव्या बेअरिंगसाठी गावात गेले. नेल्स काका जांभया देत पॅनकेक खात होते. पत्ते खेळून उशिरा आले होते, त्यामुळे ट्रकचं रडगाणं त्यांच्या कानावरच पडलं नव्हतं.

"आम्ही ओढ्यावर जातोय!" गस नको इतक्या मोठ्यानं ओरडला. "जेवायलाच येऊ! त्याआधी मुळीच नाही!"

"कळलं रे, कान फोडशील!" काका म्हणाले.

तिघं ओढ्याकडे वळली आणि वळसा घालून गवताच्या गंजीमागे येऊन दडली. थोड्याच वेळात ट्रक सुरू झाला. काका तो मागे मागे घेत बोटीपाशी आले आणि शीळ घालत खाली उतरले. बोटीच्या गाडीची मान त्यांनी ट्रकमागच्या दांड्यावरच्या लोखंडी गोळ्यावर बसवली आणि त्याच हातानं तोंडावरचा घाम पुसला.

"हसू नकोस ना!" डेलियानं गसचं तोंड दाबलं. कारण त्या गोळ्यावर मार्नीनं पिवळा रंग चोपडून ठेवला होता, आणि काकांचं कपाळ नाकासकट पिवळंधम्मक झालं होतं!

काका ट्रकमध्ये बसले. ट्रक निघाला... आणि बोट जागच्या जागी! गोळ्याचा दांडा अलगद निसटून गवतात पडला होता. त्याला ट्रकशी अडकवून ठेवणारी खीळ गसच्या खिशात होती ना!

"नेल्स काका!" गस गंजीवर चढून ओरडला. "बोट विसरलात!"

काकांनी ब्रेक दाबला. त्याच क्षणी फाटकातून बाबांची मोटार आत आली. बाबांनी ट्रककडे पाहिलं, बोटीकडे पाहिलं, मग भावाच्या पिवळ्या नाकाकडे.

"अरे, बोट हलकी तर आहे," काका चाचरत म्हणाले. "कालही काही झालं नाही..."

"कालही?" बाबांचा आवाज चढला.

"काल काय झालं ते मी सांगते, बाबा," डेलिया ट्रकच्या खिडकीशी जाऊन नेल्स काकांना म्हणाली. "दात जळले. आणि चुकी माझी ठरली."

नेल्स काका ट्रकमधून उतरले. लेकीसमोर गुडघ्यावर बसले. पिवळं नाक, पिवळं कपाळ, पण आता कोणीच हसलं नाही. "तुझ्यावर आलं? मला ठाऊकच नव्हतं गं, बाळा. चुकलोच मी."

भोपळा उघडला तेव्हा तेल काळंकुट्ट निघालं. दातांची टोकं तापून निळी पडली होती. घासल्याची खूण मात्र अगदी मधोमध होती.

"डेलिया, तुझी माफी मागतो," बाबा म्हणाले. "आणि मार्नी, हे शोधून काढलंस तू?"

मार्नीनं मान खाली घातली. "मला कालच कळलं होतं, बाबा. जेवण होईपर्यंत मी मुद्दाम गप्प बसले. तुम्ही तिला शाबास म्हणालात म्हणून."

बाबांनी तेलकट हातानं तिला जवळ ओढलं. "आपल्या हाताला कोणी शाबास म्हणतं का? मी तुला माझाच हात समजत आलो. पण म्हणायला हवं होतं. शाबास, मार्नी! फार अवघड काम केलंस."

"आणि खीळ कोणी काढली?" गसनं छाती फुगवली.

"तुलाही शाबास, गस!" घराच्या खिडकीतून आई हसत म्हणाली.

नवे दात मागवले. ते येईपर्यंत नेल्स काकांना मासे बंद! लेकीच्या देखरेखीखाली ते झाकणाला चिकटलेला जुना लेप खरवडत बसले, आणि डेलिया कंबरेवर हात ठेवून म्हणत होती, "कडेला राहिलंय, बाबा!"

मग ट्रक पुन्हा पहिल्या फेरीसाठी सज्ज झाला. बाबांच्या शेजारच्या जागेसाठी दोघी एकदमच धावल्या.

"मी बसणार!"

"मागच्या वेळी तूच होतीस!"

"तू वर्षभर बसतेस!"

दोघी दारात अडकल्या. तेवढ्यात गस दुसऱ्या दारानं घुसून बाबांना चिकटून बसलासुद्धा!

"बसा गं कुठंही," बाबा हसत म्हणाले. "सावकाशच जायचंय आपल्याला."