परसातलं फावडं

हे खरं घडलंय. सायकालनं स्वतः सांगितलंय, आणि ती उगाच बोलणारी बाई नाही. ओश शहरातल्या इस्पितळात नर्स आहे.

उझगेनच्या वरच्या अंगाला, कारा-दार्या नदीच्या काठचं त्यांचं गाव. जून महिना. गुरुवार.

अंधार नव्हता... हे ती दरवेळी आवर्जून सांगते. सूर्य अजून डोंगरावर होता.

तिचा भाऊ एर्मेक जाऊन अडतीस दिवस झाले होते.

सव्वीस वर्षांचा. मे महिन्यात डोंगरातून चिखलाचा लोंढा आला आणि हा पाटाचं दार बंद करायला धावला. घरचं वावर वाचावं म्हणून.

वावर वाचलं.

आई, बुरुल, तेव्हा इस्पितळात होती. हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टर म्हणाले, धक्का सोसणार नाही. मग थोरल्या चुलत्यानं, तोकोन-आवानं, तिथली माणसं ठरवतात तेच ठरवलं. दुखणाइताला मरणाची बातमी द्यायची नाही. वेळ आली की वडीलधारे समोर बसून सांगतील.

मयत आवाच्या अंगणातून उठलं. रडणंही तिथंच झालं. एर्मेकच्या स्वतःच्या घरात कुणी हुंदका काढला नाही.

गुरुवारी घरोघर तेल तापतं. मेलेल्यांच्या नावानं सात छोट्या भाकऱ्या तळतात. त्या वासानं त्यांचं पोट भरतं, असं म्हणतात.

आई घरी आल्यावरही सायकालनं कढई चढवली नाही.

तो वास आईलाही आला असता.

आईला तिकडे आपा म्हणतात. ती घरी आली त्याच दिवशी सायकाल म्हणाली, "एर्मेक रशियाला गेलाय, आपा. कामाला."

आई खो खो हसली. "रशियाला? तो? उझगेनच्या बाजारात गेला तरी गाईच्या काळजीनं दुपारी परत येतो!"

"गेलाय, आपा. खरंच."

"मग परसात बटाट्याला भर कोण देतंय?"

सायकालनं कान दिला.

काही नाही. वारासुद्धा नाही.

सकाळी ती परसात गेली. दोन सऱ्यांना मातीची भर लागलेली. ओली, ताजी माती.

पावलं मात्र... कुठंच नव्हती.

शेजाऱ्यांना विचारलं. कुणी आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिसरी सरी. मग चौथी.

आणि आई जेवायला लागली. "तो तिकडे राबतोय, मी काय लोळत पडू?" म्हणाली. गालांवर रंग आला.

सायकाल म्हणते, "मला भीती वाटायला हवी होती. मला बरं वाटलं. माझ्या मनात आलं, चालू दे असंच."

मग एका दुपारी आई म्हणाली, "आत का येत नाही गं तो? दारापर्यंत येतो, बूट काढतो... आणि नुसता उभा राहतो. घरात आपल्याशी कुणी बोलत का नाही, असा चेहरा करून."

सायकाल तशीच आवाकडे पळाली.

"आवा, आता सांगा तिला."

"तिचं हृदय सोसेल?"

"माहीत नाही. पण परवा त्याचा चाळिसावा दिवस. सगळा गाव जेवायला येणार. भलत्याच तोंडून कळलं तर?"

आवानं टोपी डोक्यावर घट्ट बसवली आणि तो उठला.

तोच हा गुरुवार.

आईला उशीला टेकवून बसवलं. सायकालनं तिचं मनगट धरलं. नाडीवर बोट. आवा समोर बसला. मरण सुरुवातीलाच बोलायचं नसतं. आधी माणसाचं जगणं सांगायचं. तो सांगू लागला.

"बुरुल, बाप गेला तेव्हा तुझा पोरगा चौदा वर्षांचा. फावडं त्याच्यापेक्षा उंच होतं."

खच्...

परसातून.

या वेळी सायकालला ऐकू आलं. आवालाही. पण हे बोलणं एकदा सुरू केलं की अर्ध्यात सोडता येत नाही.

"या सायकालला, धाकटीला, शिकायला पाठवलं. स्वतःचा घोडा विकून. मी विचारलं तर म्हणाला, चावरा होता."

"खोटारडा," आई हसली. "मेंढरासारखा गरीब घोडा तो."

खच्... खच्...

जरा सावकाश. ऐकत ऐकत काम करावं तसं.

"लग्न दोनदा पुढं ढकललं. म्हणाला, आधी आपाचं ऑपरेशन."

...खच्.

"असा पोरगा सगळ्या पंचक्रोशीत नव्हता. फार गुणाचा होता."

होता.

आवाज थांबला.

आई आवाकडे बघतच नव्हती. त्याच्या मागच्या खिडकीकडे बघत होती.

"आवा, थांबा," ती कुजबुजली. "पुढचं बोलू नका. तो ऐकतोय... त्याला अजून कुणी सांगितलं नाहीये."

आवानं डोळे मिटले. आणि शेवटचं वाक्य बोलून टाकलं.

"एर्मेक परत न येण्याच्या वाटेला लागला, बुरुल. अडतीस दिवस झाले."

खिडकीबाहेर कुणीतरी श्वास आत घेतला.

बाहेर सोडला नाही.

सायकालच्या बोटाखाली नाडी चालू होती. नेमकी, एकसारखी. आई रडली ती बऱ्याच वेळानं. त्या संध्याकाळी त्या घरात पहिल्यांदा तेल तापलं.

परसात शेवटची सरी अर्धी राहिली होती. भर देता देता मधेच सोडलेली. ती पुढं कुणीच पुरी केली नाही.

आई अजून आहे. खिडकीत काय दिसलं ते सांगत नाही. एकदाच म्हणाली, "मला सांगताना तुम्ही माझा हात धरला होता. त्याचा कुणी धरला?"

तेव्हापासून वॉर्डात कुणी गेलं, की नातेवाइकांना हाक मारण्याआधी सायकाल त्या खाटेशी जाते. हात हातात घेते. कानाशी वाकून नाव घेते, आणि काय झालं ते हळू आवाजात सांगते.

ती म्हणते, कधी कधी... तो हात लगेच सुटत नाही.